सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मराठीतून: सेवा फुकट, पण शेवटचा परिच्छेद इंग्रजीतच वाचा

सर्वोच्च न्यायालयाने काय निकाल दिला हे बहुतेक पक्षकारांना वकिलाच्या तोंडून कळतं. वकील दोन मिनिटं बोलतो, निकाल साठ पानांचा असतो आणि तोही इंग्रजीत. हे अंतर कमी व्हावं म्हणून न्यायालयाने जुलै २०१९ पासून निवडक निकालांचे अनुवाद संकेतस्थळावर ठेवायला सुरुवात केली. पहिल्या सहा भाषांत आसामी, हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगूसोबत मराठीही होती. त्याच वर्षी संविधानदिनी ‘सुवास’ नावाची यंत्रानुवादाची प्रणाली आली, आणि जानेवारी २०२३ पासून हे अनुवाद ई-एससीआर या मोफत पोर्टलवर जमा होऊ लागले. पक्षकार, तालुका न्यायालयातले वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि अनुवादक या चौघांनी ही सेवा कशी वापरावी आणि कुठे थांबावं, एवढ्यापुरता हा आढावा.

आधी काय मिळत नाही ते सांगायला हवं, कारण निराशा तिथूनच सुरू होते. ई-एससीआर म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ या अधिकृत निकालमालेची डिजिटल आवृत्ती. मालेत छापण्याजोगे ठरलेले, म्हणजे कायद्याचा एखादा मुद्दा ठरवणारे निकालच त्यात असतात. विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपील करायची परवानगी मागणारी याचिका) दोन ओळींत फेटाळली गेली असेल तर तो आदेश मराठीत शोधत बसू नका. तारखेतारखेचे आदेशही तिथे नसतात. थोडक्यात, स्वतःच्या खटल्याचा कागद मराठीत हवा असलेल्या पक्षकारापेक्षा, आपल्यासारख्या खटल्यात न्यायालय काय म्हणालं हे बघायचं असलेल्या माणसाला ही सेवा जास्त उपयोगी आहे.

शोधण्याची पद्धत सोपी आहे, फक्त ती इंग्रजीतून जाते. पक्षकारांची नावं इंग्रजी स्पेलिंगने टाका. त्याहून बरं म्हणजे तटस्थ उद्धरण क्रमांक टाका. २०२३ पासून प्रत्येक निकालाला वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरं आणि अनुक्रमांक असा कायमचा क्रमांक मिळतो, आणि आता जुन्या निकालांनाही तो दिलेला आहे. निकालाची नोंद सापडली की ज्या भाषांत अनुवाद झाला आहे त्या दिसतात. त्यातून मराठीची पीडीएफ घ्यायची आणि त्याच वेळी इंग्रजीचीही उतरवून ठेवायची. मराठी नावाने शोध घेण्याच्या फंदात पडू नये. मूळ नोंद रोमन लिपीत असते, आणि ‘वडगाव’ रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं.

आता संख्या. २६ जानेवारी २०२३ ला पोर्टलवर भारतीय भाषांतले १,२६८ अनुवाद जाहीर झाले. त्यात हिंदीचे १,०९१, तमिळचे ५२, मल्याळमचे २९, ओडियाचे २१ आणि मराठीचे १४. पुढच्या दोन वर्षांत हिंदीचा आकडा ३६ हजारांच्या पुढे गेला. बाकीच्या भाषांनीही वेग घेतला, पण आरंभीचं हे प्रमाण बघितलं की ‘सर्व भाषा समान’ हे धोरण कागदावरून टेबलावर येताना काय होतं ते कळतं. हिंदीला पळवणारं इंजिन नुसतं सरकारी प्रेमाचं नाही. संविधानाच्या कलम ३४८(२) खाली राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या चार राज्यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीला मुभा आहे. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या पातळीवरची हिंदी काही दशकं प्रत्यक्ष लिहिली-वाचली गेली आहे. यंत्राला शिकायला मजकूर आहे आणि तपासायला माणसंही आहेत.

मराठीची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. त्यामुळे कोर्टातली मराठी जिल्हा न्यायालयाच्या दारापर्यंत भक्कम आहे. दावा, कैफियत, सरतपास, उलटतपास, दरखास्त, हुकूमनामा, तूर्तातूर्त मनाई, मुद्देमाल, निशाणी, रोजनामा हे शब्द कारकुनापासून कुळापर्यंत सगळ्यांना कळतात. त्या दारापलीकडे, म्हणजे घटनात्मक कसोट्या, करआकारणी, कंपनी कायदा, लवाद या प्रांतात वापरून गुळगुळीत झालेली मराठी नाही. तिथे कोशातले शब्द आहेत, पण ते कोणी कोर्टात उच्चारत नाही. या सेवेचा दर्जा निकालाच्या विषयाप्रमाणे एवढा खालीवर होतो तो यामुळे. जमीन, भाडं, वारसा, अपघात नुकसानभरपाई, फौजदारी अपील हे अनुवाद वाचता येतात. कराच्या निकालाचा अनुवाद वाचण्यापेक्षा इंग्रजी बरं असं इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही वाटेल.

अनुवाद तयार होण्याची साखळी अशी: इंग्रजी निकाल यंत्राला दिला जातो, यंत्र मराठी मसुदा देतं, माणूस तो तपासतो, मग पीडीएफ चढते. कामावर देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची समिती आहे. न्या. अभय ओक तिचे अध्यक्ष होते. उच्च न्यायालयांच्या पातळीवरही समित्या आहेत. तपासणीसाठी निवृत्त न्यायिक अधिकारी आणि अनुवादक लागतात, आणि अडचण नेमकी इथे आहे. यंत्र शंभर पानं काही मिनिटांत देतं. शंभर पानी निकालात साधारण २५ ते ३० हजार शब्द असतात. कायद्याचा मजकूर नीट अनुवादणारा माणूस दिवसाला दोन-अडीच हजार शब्द करतो. यंत्राचा मसुदा सुधारायचा असेल तर त्याच्या दुप्पट धरा. म्हणजे यंत्राच्या काही मिनिटांसाठी माणसाचे पाच ते सात दिवस. अहवालात मात्र ‘एक निकाल’ अशी एकच नोंद होते, मग तो दहा पानांचा असो की दोनशे. मोजदाद अशी असली की तपासनीस पहिल्या वीस पानांवर रेंगाळतो आणि उरलेल्यांवरून पळतो. वाचकानेही ही सवय ध्यानात ठेवावी: पुढची पानं चांगली आहेत म्हणून मागची तशीच असतील असं धरू नये.

इंग्रजी कायदेभाषा यंत्राने मराठीत आणली की ती काही ठरावीक जागी घसरते. तपासनीसाची नजर चुकली तर ती घसरण वाचकापर्यंत पोचते. या जागा ओळखता आल्या तर अर्धं काम झालं.

सगळ्यात घातक जागा म्हणजे परवानगी आणि मंजुरी. दिवाणी अपिलाच्या निकालाची पहिली ओळ बहुधा ‘लीव्ह ग्रँटेड’ असते. अर्थ असा की अपील दाखल करून घ्यायला परवानगी दिली. यंत्राने याची ‘रजा मंजूर’ केली तर वाचक हसतो आणि पुढे जातो, नुकसान काही नाही. खरा घोळ शेवटच्या ओळीत होतो. तिथे ‘अपील अलाउड’ असतं, म्हणजे अपील मंजूर, अपीलकर्ता जिंकला. त्याचं ‘अपिलास परवानगी देण्यात येते’ असं झालं की पक्षकाराला वाटतं आता कुठे अपील सुरू होणार. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत दोन्हीकडे ‘परवानगी’ दिसली तर तो अनुवाद बाजूला ठेवा.

दुसरी जागा दुहेरी नकाराची. न्यायमूर्तींना ‘उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला तो असमर्थनीय होता असं म्हणता येणार नाही’ अशा वळणाची आवड असते. इंग्रजीत दोन नकार वाक्याच्या दोन टोकांना असतात. मराठीत क्रियापद शेवटी जातं, दोन्ही नकार एकमेकांवर येऊन बसतात आणि यंत्र त्यातला एक गिळतं. उरलेलं वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं, अर्थ मात्र उलटा. अशी चूक नुसता मराठी मजकूर वाचून सापडतच नाही. ‘अनलेस’ (नसेल तर) आणि ‘सेव्ह ॲज’ (खेरीज) यांच्या अटींचंही हेच होतं.

तिसरी जागा पक्षकारांच्या ओळखीची. हिंदीत अपिलातल्या विरुद्ध बाजूला ‘प्रतिवादी’ही म्हणतात. मराठी कोर्टात प्रतिवादी म्हणजे मूळ दाव्यात ज्याच्यावर दावा लावला तो. अपिलातली विरुद्ध बाजू ‘उत्तरवादी’. आता मूळ वादी हरला आणि अपिलात गेला तर उत्तरवादी आणि प्रतिवादी एकच. पण मूळ प्रतिवादी अपिलात गेला असेल तर उत्तरवादी म्हणजे मूळ वादी, आणि अनुवादात तोच ‘प्रतिवादी’ झाला की जमीन कोणाची हेच उलटं वाचलं जातं. हिंदीच्या वळणाचे बाकी शब्द, म्हणजे कलमाला ‘धारा’, विरुद्धला ‘बनाम’, डोळ्यांना खुपतात पण अर्थ बुडवत नाहीत. तरीही एखाद्या पानावर ‘धारा’ दिसली तर समजावं की त्या पानाला माणसाचा हात लागलेला नाही.

चौथी जागा जमिनीची, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रातून वर जाणाऱ्या दिवाणी खटल्यांत जमीन मोठी आहे. इंग्रजीत शेतजमिनीचा आणि घराचा ‘टेनंट’ एकच असतो. मराठीत शेताचा तो कूळ, खोलीचा तो भाडेकरू. दोघांचे कायदे निराळे आहेत: एकाचा १९४८ चा कूळकायदा, दुसऱ्याचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा. कूळकायद्याच्या निकालात ‘भाडेकरू’ आला की कृषक दिनाचा अर्थच लागत नाही, कारण त्या दिवशी, १ एप्रिल १९५७ ला, जमिनीचा मानीव (कायद्याने मानलेला) खरेदीदार होण्याचा हक्क कुळाला होता, भाडेकरूला नव्हे. भूसंपादनातला निवाडा (अवॉर्ड) ‘पुरस्कार’ होऊ शकतो, सातबाऱ्यावरचा बोजा (चार्ज) ‘आरोप’ होऊ शकतो, खरेदीखतातला मोबदला (कन्सिडरेशन) ‘विचार’ होऊ शकतो, आणि ‘निपुत्रिक वारला’ (विदाउट इश्यू) याचं ‘मुद्द्याशिवाय वारला’. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन (मायनर), वारसाचंही पाहा. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लिहिलेलं असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अनुवादात ‘अवयस्क’ किंवा ‘किरकोळ’ आलं तर वाचकाला सातबाऱ्यावरची नोंद आणि निकाल जुळवता येत नाहीत.

त्यात भर उलटसुलट अनुवादाची. खेडच्या किंवा तासगावच्या माणसाचं मुदत खरेदीखत मूळ मराठीत असतं. वरच्या न्यायालयात जाताना त्याचा इंग्रजी तर्जुमा होतो. निकालात तो इंग्रजी तर्जुमा उद्धृत होतो. मग यंत्र त्या उद्धृताचं पुन्हा मराठी करतं. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘मुदतीत रक्कम परत केल्यास फिरून खरेदी करून देईन’ ही दस्तातली भाषा दोन भाषांतरांतून गाळून येते, आणि दस्त गहाण होता की खरी विक्री हा वाद नेमका त्याच शब्दांवर उभा असतो. साक्षीदाराच्या जबाबाचंही असंच. अनुवादात अवतरणचिन्हांत दिसणारी मराठी वाक्यं मूळ दस्तातली आहेत असं कधीही समजू नका. मूळ हवं असेल तर खालच्या न्यायालयाच्या अभिलेखातून नक्कल काढा. खरं तर तपासनीसाच्या हाती तो मूळ कागद दिला पाहिजे, पण साखळीत त्याची सोयच नाही. त्याच्यापुढे फक्त इंग्रजी निकाल असतो.

गावांची आणि आडनावांची नावं हा त्यामानाने किरकोळ त्रास. रोमनमधून देवनागरीत येताना ‘ळ’ हरवतो, काळे ‘काले’ होतात, ‘ट’ आणि ‘त’ अदलाबदल करतात. आकड्यांत मात्र गंमत नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, गट क्रमांकाला हिस्सा जोडलेला असतो. तिथे एक तिरकी रेघ गळली तर गट बदलतो.

लिंगाचा प्रश्न फौजदारी निकालांत येतो. इंग्रजीत फिर्यादी स्त्री की पुरुष हे नावावरून किंवा संदर्भावरून कळतं. मराठीत अनेक क्रियापदांना ते ठरवावं लागतं. यंत्र ठरवताना पुरुषाकडे झुकतं. ‘फिर्यादी म्हणाला’ आणि चार ओळींनी ‘तिच्या पतीने’ असं दिसलं तर गोंधळू नका, माणूस एकच आहे. कलमांच्या क्रमांकांबद्दलही एक सूचना: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, पण जुन्या निकालांत भारतीय दंड संहितेचीच कलमं असतील आणि तीच राहायला हवीत. अनुवादात ती बदललेली दिसली तर ती सुधारणा नसून चूक आहे.

उलट तक्रारही नोंदवली पाहिजे, कारण सगळा दोष यंत्राच्या माथी मारणं सोयीचं आहे पण खरं नाही. माणसाने नीट तपासलेले काही अनुवादही पक्षकाराला कळत नाहीत, आणि त्याचं कारण शब्दकोश. भाषा संचालनालयाच्या परिभाषेप्रमाणे मनाई हुकूम ‘व्यादेश’ होतो. शब्द बिनचूक आहे, नेमका आहे, आणि ज्याला मनाई झाली आहे त्याच्या कानावर तो कधीही पडलेला नाही. धोरण सांगतं प्रमाण परिभाषा वापरा. सेवेचा हेतू सांगतो पक्षकाराला कळलं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी साधायचं तर पहिल्यांदा येताना ‘मनाई हुकूम (व्यादेश)’ असं लिहून पुढे मनाई हुकूमच चालू ठेवावा. केंद्राच्या विधी मंत्रालयाने ६५ हजार शब्दांची कायदेविषयक शब्दावली डिजिटल केली आहे, पण शब्दांच्या ढिगापेक्षा जिल्हा न्यायालयात रोज चालणाऱ्या हजार-दीड हजार शब्दांची ठाम यादी तपासनीसाला जास्त कामाची ठरेल. ती तयार करायला नवं मंडळ नको. रोजनामे आणि निकालपत्रं उघडून बसलं तरी पुरे.

कायदेशीर वजनाबद्दल गैरसमज नको. अनुवादासोबतच जाहीर केलेलं असतं की तो पक्षकाराला आपल्या भाषेत समजावा एवढ्यापुरताच आहे, अन्य कामासाठी वापरू नये, आणि अधिकृत व अंमलबजावणीच्या सर्व कामांसाठी इंग्रजी निकालच प्रमाण. कलम ३४८(१) प्रमाणे संसदेने वेगळा कायदा करेपर्यंत सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच असल्याने यापेक्षा वेगळं काही लिहिणं त्यांना शक्यही नाही. पण या वाक्याचा एक परिणाम नोंदवण्याजोगा आहे. अनुवाद चुकला तर कोणाचंच काही बिघडत नाही, बिघडतं ते वाचणाऱ्याचं. चूक कळवायची कुठे, दुरुस्त झाली तर जुनी पीडीएफ बदलली हे कसं कळणार, अनुवाद कोणत्या तारखेचा, हे पीडीएफवरच ठळक छापायला हवं. खासगी अनुवाद संस्थाही एवढं करतात.

मग वापरायचं कसं? मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवा. परिच्छेदांचे क्रमांक दोन्हीकडे सारखे असतात, हीच सगळ्यात मोठी सोय आहे. मराठीतून घटनाक्रम आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचा. हा भाग सरळ असतो आणि अनुवादात सहसा टिकतो. न्यायालयाची मीमांसा सुरू झाली की प्रत्येक नकारार्थी वाक्य त्याच क्रमांकाच्या इंग्रजी परिच्छेदाशी ताडून बघा. शेवटचे दोन-तीन परिच्छेद, म्हणजे प्रत्यक्ष आदेश, मराठीतून वाचूच नका. ते इंग्रजीतून वकिलाकडून समजून घ्या. तिथे अपील मंजूर की नामंजूर, खालचा निकाल रद्द की कायम, प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठवलं का, मुदत किती आणि खर्च कोणावर, हे पाच प्रश्न विचारा. ‘रिमांड’ शब्दावर खास लक्ष ठेवा. दिवाणी अपिलात त्याचा अर्थ प्रकरण परत पाठवणं, कोठडीशी त्याचा काही संबंध नसतो.

तालुक्याच्या वकिलांनी हे अनुवाद युक्तिवादाला जोडू नयेत. जोडायचाच तर इंग्रजी निकाल जोडा आणि मराठी प्रत न्यायाधीशांच्या सोयीसाठी म्हणून वेगळी द्या. कागद उलट्या दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जायचा असेल तर ही सेवा कामाचीच नाही. त्यासाठी प्रमाणित भाषांतर लागतं. मुंबई उच्च न्यायालयात भाषांतरकारांचं स्वतंत्र कार्यालय आहे, आणि तिथल्या रांगेचा वेळ धरूनच अपिलाची तयारी करावी. विद्यार्थ्यांना मात्र डोळे झाकून शिफारस: एकच निकाल दोन्ही भाषांत वाचायचा आणि मराठीच्या चुका खुणावत जायचं. कायद्याचं इंग्रजी याहून स्वस्तात शिकवणारी शिकवणी नाही.

गुण द्यायचे तर उपलब्धतेला पाचपैकी चार, शोधण्याच्या सोयीला तीन, जमीन आणि फौजदारी विषयांतल्या वाचनीयतेला तीन, कर आणि कंपनी विषयांत दीड. चूक दुरुस्तीच्या व्यवस्थेला शून्य द्यावं असं वाटतं, पण परिच्छेद क्रमांक जपल्याबद्दल एक.